पुस्तक मांडीवर, मालिका पडद्यावर: 'प्राइड अँड प्रेज्युडिस' बारकाईने पाहण्याची रीत

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवर बीबीसीने १९९५ साली काढलेल्या सहा भागांच्या मालिकेविषयी चाहते बोलायला बसले, की नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारतो: नायक डार्सी तळ्यात उडी मारतो, तो प्रसंग पुस्तकात कोणत्या प्रकरणात आहे? तो कोणत्याही प्रकरणात नाही. कादंबरीत डार्सी घोड्यांच्या पागेकडून येणाऱ्या वाटेवर नायिका एलिझाबेथ बेनेटच्या अचानक समोर येतो, दोघांमध्ये जेमतेम वीस यार्डांचे अंतर असते, दोघांचेही चेहरे लाल होतात, आणि त्याचे कपडे पूर्णपणे कोरडे असतात. हे कळल्यावर काही जण हिरमुसतात, तर काहींना पटकथाकाराने पुस्तक बिघडवल्याचा राग येतो. या दोन्ही प्रतिक्रिया बाजूला ठेवून 'मग ही उडी इथे का घातली असेल' असे जो विचारतो, तो चर्चेत लवकर रुळतो. हा लेख तशा माणसासाठी आहे. पुस्तक न वाचलेल्या आणि मालिका एकदाच, घाईत पाहिलेल्या माणसालाही त्याचा उपयोग व्हावा अशा बेताने तो लिहिला आहे.

आधी वेळापत्रक

आमच्या सात-आठ जणांच्या गटाने पहिल्या खेपेला सहाही भाग एका शनिवार-रविवारी संपवले. सोमवारी बोलायला बसल्यावर लक्षात आले, की ओला सदरा, एलिझाबेथची आई मिसेस बेनेट हिचा चढलेला आवाज आणि कॉलिन्स या पाद्र्याचे कमरेत वाकून केलेले अभिवादन यांपलीकडे कोणालाच धड काही आठवत नाही. मुळात ही मालिका ब्रिटनमध्ये २४ सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर १९९५ या काळात दर रविवारी एक भाग अशी दाखवली गेली होती, आणि आठवड्याला एक भाग हाच वेग आजही सर्वांत सोयीचा आहे. प्रत्येक भाग तासाभरापेक्षा थोडा कमी आहे. तो सलग एकदा पाहावा, दोन-तीन दिवसांनी त्यातला एखादा प्रसंग निवडून पुन्हा पाहावा, आणि मधल्या दिवसांत पुस्तकाची संबंधित प्रकरणे वाचावीत.

कादंबरीची एकूण प्रकरणे ६१ आहेत. पहिला भाग साधारणपणे पहिल्या बारा प्रकरणांचा आहे, दुसरा तेराव्यापासून विसाव्यापर्यंतचा आणि तिसरा तिथून चौतिसाव्यापर्यंतचा. चौथ्या भागात डार्सीचे पत्र आणि पेंबर्ली या त्याच्या वाड्याची भेट, म्हणजे ३५ ते ४३ ही प्रकरणे येतात, आणि उरलेली अठरा प्रकरणे शेवटच्या दोन भागांत वाटली आहेत. भागाची सीमा प्रकरणाच्या सीमेवर तंतोतंत पडत नाही, त्यामुळे एखादे पान इकडचे तिकडे झाले तरी बिघडत नाही. मात्र एक घोटाळा टाळावा. १८१३च्या जानेवारीत ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली होती, आणि आजही काही आवृत्त्या प्रत्येक खंडाची प्रकरणे नव्याने एकपासून मोजतात. अशा प्रतीत चौतिसावे प्रकरण 'दुसरा खंड, प्रकरण ११' असे सापडते आणि त्रेचाळिसावे म्हणजे 'तिसरा खंड, प्रकरण १'. सर्वांनी एकाच पद्धतीने आकडे सांगायचे असे पहिल्याच बैठकीत ठरवले, तर निम्म्या वेळचे 'कुठले पान, कुठले पान' वाचते.

इंग्रजी संवाद भरभर जातात, म्हणून उपशीर्षके लावून पाहण्यात कमीपणा मानू नये. ऑस्टेनची कितीतरी वाक्ये मालिकेत जशीच्या तशी आली आहेत, आणि लिहिलेले वाक्य डोळ्यांसमोर असले की पुस्तकातले वाक्य कुठे संपले आणि पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांचे कुठे सुरू झाले, हे ओळखायला सोपे जाते.

पैशाचा हिशेब मांडून ठेवावा

प्रेमकथा म्हणून ओळखली जाणारी ही कादंबरी पैशाच्या आकड्यांनी भरलेली आहे, आणि ते आकडे ठाऊक नसतील तर निम्मे प्रसंग विनाकारण आरडाओरड वाटतात. मिस्टर बेनेट यांचे वार्षिक उत्पन्न २,००० पौंड आहे, पण लाँगबोर्न ही त्यांची मालमत्ता जुन्या बंधनामुळे पुरुष वारसाकडेच जाणार आहे. पाच मुली आणि एकही मुलगा नाही, म्हणून वडिलांच्या पश्चात घर कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाचे होईल. डार्सीचा मित्र बिंग्ली याचे उत्पन्न वर्षाला चार ते पाच हजार पौंड असल्याचे बोलले जाते आणि डार्सीचे दहा हजार. एलिझाबेथच्या वाट्याला काय येणार, हे कॉलिन्स तिला मागणी घालतानाच ऐकवतो: आईच्या मृत्यूनंतर १,००० पौंड, तेही चार टक्क्यांच्या रोख्यांत, म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. हा चाळीसचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. अशा मुलीने आधी कॉलिन्सला आणि नंतर वर्षाला दहा हजारवाल्याला नाही म्हणणे म्हणजे काय, ते त्याशिवाय उमगत नाही.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे आणि एक धोका. 'स्थळ' हा शब्द आपल्याकडे आयता आहे, आणि बिंग्ली नेदरफील्ड या जवळच्या वाड्यात राहायला आल्याची बातमी कळताच मिसेस बेनेटची जी तारांबळ उडते ती कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. 'हुंडा' हा शब्द मात्र जपून वापरावा. त्या काळी इंग्लंडमध्येही वधूबरोबर पैसा येत असे आणि कायद्याने तो नवऱ्याच्या ताब्यात जात असे. डार्सीच्या बहिणीच्या ३०,००० पौंडांवर विकम या गोडबोल्या लष्करी अधिकाऱ्याचा डोळा असतो तो त्यामुळेच. पण मिसेस बेनेटची धास्ती हुंडा कुठून द्यायचा याची नाही. नवरा गेल्यावर स्वतःसह पाच मुलींना घराबाहेर पडावे लागेल, याची ती धास्ती आहे. ॲलिसन स्टेडमन यांनी ही भूमिका कर्कश्श केली, अशी तक्रार दर बैठकीत कोणीतरी करतो, आणि ती मलाही काही अंशी मान्य आहे. तरीही त्या घरात भविष्याचा हिशेब करणारी ती एकटीच आहे आणि पुस्तकांच्या खोलीत दार लावून बसणारा तिचा विनोदी नवरा तो करत नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

संबोधनांकडेही आरंभापासून लक्ष ठेवावे. 'मिस बेनेट' म्हणजे थोरली जेन, आणि धाकट्यांना आडनावाआधी स्वतःचे नाव जोडून 'मिस एलिझाबेथ बेनेट' असे म्हणायचे, ही रीत आहे. थोरली तिथे हजर नसेल तर धाकटीलाही 'मिस बेनेट' म्हणता येते. डार्सी तिला नुसते 'एलिझाबेथ' कधी म्हणू लागतो, हे ज्याचे त्याने शोधावे. मराठीत चर्चा करताना आपल्यापुढे आणखी एक पेच येतो, तो म्हणजे 'डार्सी म्हणाला' की 'डार्सी म्हणाले'. आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका पेंबर्लीपर्यंत त्याला काटेकोरपणे 'ते' म्हणत आणि पेंबर्लीनंतर न चुकता 'तो' म्हणत. असे का, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वहीत तीन रकाने

आता मुख्य काम. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात पुस्तकात काय घडते ते, दुसऱ्यात पडद्यावर काय घडते ते, आणि तिसऱ्यात या प्रसंगात कोण कोणाकडे पाहत आहे ते लिहावे. पहिले दोन रकाने कोणीही भरतो, आणि बहुतेक चर्चा तिथेच अडकून 'हे गाळले, ते घातले' अशी जंत्री होऊन बसतात. खरी चर्चा तिसऱ्या रकान्यातून निघते, असा माझा अनुभव आहे.

याचे कारण कादंबरीच्या घडणीत आहे. ऑस्टेनची निवेदिका बहुतांश वेळ एलिझाबेथच्या खांद्याशी उभी असते. डार्सी खोलीत असेल तेव्हा तो आपल्याला दिसतो, पण खोलीबाहेर पडला की तो कुठे गेला आणि काय करत होता, हे एलिझाबेथला कळेल तेव्हाच आपल्याला कळते. त्याच्या मनातले काही इशारे सहाव्या प्रकरणापासून मिळतात, तरी ते मोजके आहेत. त्याच्याविषयी ती चुकते तेव्हा वाचकही तिच्याबरोबर चुकतो, आणि हीच या कादंबरीची मोठी गंमत आहे. मालिकेने हे बदलले. डार्सी एकटा असताना कॅमेरा त्याच्याबरोबर राहतो. नेदरफील्डमध्ये तो अंघोळ करून खिडकीशी येतो आणि खाली कुत्र्याबरोबर खेळणाऱ्या एलिझाबेथकडे पाहतो, पुढे तो तलवारबाजीचा सराव करताना दिसतो, एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया हिला शोधत लंडनच्या गल्ल्यांतून फिरताना दिसतो. यांतले काहीही ऑस्टेनने दाखवलेले नाही.

पहिल्याच भागाची पहिली दोन मिनिटे तीन रकान्यांत भरून पाहावीत. कादंबरी निवेदिकेच्या त्या प्रसिद्ध वाक्याने उघडते, ज्यात श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार हे सत्य सगळ्या जगाला मान्य असल्याचे ती गंभीर चेहऱ्याने सांगते. मालिका उघडते ती घोडे फेकत निघालेल्या दोन पुरुषांनी. बिंग्ली आणि डार्सी दुरून नेदरफील्डचे घर पाहतात, आणि टेकडीवरून एलिझाबेथ त्या दोघांना पाहते. ते प्रसिद्ध वाक्य पुढे एलिझाबेथच्याच तोंडी, आईची थट्टा म्हणून येते. निवेदिकेचा उपरोध नायिकेला देऊन टाकल्यामुळे ती अधिक हजरजबाबी दिसते, पण तिच्यावर हसणारे कोणी उरत नाही. पुस्तकात निवेदिका एलिझाबेथवरही हसते.

एक प्रसंग जवळून: पहिली मागणी

नव्या माणसाने सर्वांत आधी चौतिसावे प्रकरण आणि तिसऱ्या भागाचा शेवट समोरासमोर ठेवावा. दोन तास या एका प्रसंगाला दिले तरी ते वाया जात नाहीत.

प्रसंग असा आहे. एलिझाबेथ केंट परगण्यात हन्सफर्डला, कॉलिन्सशी लग्न केलेल्या शार्लट या मैत्रिणीकडे पाहुणी आहे. बिंग्लीला जेनपासून दूर करण्यात डार्सीचा हात होता, हे तिला त्याच दिवशी डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम याच्या बोलण्यातून कळले आहे. डोके दुखत असल्याने ती रोझिंग्जला, म्हणजे डार्सीच्या मावशीच्या वाड्यावर, चहाला गेलेली नाही आणि घरी एकटी बसून जेनची जुनी पत्रे पुन्हा वाचत आहे. दारावरची घंटा वाजते आणि अनपेक्षितपणे डार्सी आत येतो. तो तब्येतीची चौकशी करतो, बसतो, उठतो, खोलीत येरझाऱ्या घालतो, काही मिनिटे गप्प राहतो आणि मग एकदम बोलतो: झगडून पाहिले, उपयोग झाला नाही, माझे तुमच्यावर किती उत्कट प्रेम आहे ते मला सांगू द्या.

इथे पुस्तक हातात घेऊन नीट पाहावे. ही दोन-तीन वाक्ये झाली की डार्सीचा आवाज बंद होतो. त्यापुढची सगळी मागणी निवेदिका आपल्या शब्दांत, थोडक्यात सांगते: तो चांगले बोलला, पण हृदयाखेरीज इतरही भावना होत्या आणि कोमलतेवर त्याचे जितके वक्तृत्व चालले त्याहून अभिमानावर कमी चालले नाही. तिच्या घराण्याचा कमीपणा आणि या संबंधाने स्वतःची होणारी मानहानी त्याने कोणत्या शब्दांत सांगितली, ते ऑस्टेन ऐकवत नाही. जगातल्या प्रसिद्ध मागण्यांत जिची गणना होते, तिचा मधला भाग मूळ पुस्तकात नाहीच. पटकथाकाराला तो लिहावा लागला, आणि डार्सीच्या तोंडची ती भारदस्त, जणू कायद्याच्या कागदावरची वाटावीत अशी वाक्ये डेव्हिस यांची आहेत. अनेक जुने चाहतेही ती ऑस्टेनची म्हणून उद्धृत करतात. पुस्तक उघडून दाखवल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आता तिसरा रकाना. निवेदिकेच्या त्या सारांशात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: मागणी ऐकताना एलिझाबेथला आरंभी त्याची कीव येते. नकार तर द्यायचाच आहे, पण त्याला होणाऱ्या दुःखाचे तिला वाईट वाटते, आणि त्याच्या पुढच्या बोलण्याने ती कीव रागात बुडून जाते. पडद्यावर हे सांगणारी निवेदिका नाही, त्यामुळे सगळा भार एलिझाबेथ झालेल्या जेनिफर एलच्या चेहऱ्यावर येतो. ती कीव तिथे दिसते का? माझ्या मते पुसटशी दिसते. आमच्या गटातल्या दोघांच्या मते मुळीच दिसत नाही, तिथे सुरुवातीपासून आश्चर्य आणि संताप एवढेच आहे. हा वाद आवाज बंद करून तो प्रसंग तीनदा पाहिल्यानंतरही मिटलेला नाही, आणि नव्या माणसाने आपले मत घेऊन त्यात जरूर पडावे.

डार्सी निघून गेल्यावर काय होते, तेही ताडून पाहावे. पुस्तक एलिझाबेथजवळ थांबते. अंगातले त्राण गेल्यासारखी ती खाली बसते आणि अर्धा तास रडते. चौथा भाग सुरू होतो तेव्हा मालिका मात्र डार्सीबरोबर आहे. तो रोझिंग्जकडे परत चालला आहे, तिचे शब्द त्याच्या कानांत घुमत आहेत, आणि मग तो रात्री मेणबत्तीच्या उजेडात पत्र लिहायला बसतो. त्या पत्रात विकमचा विषय येतो तसा त्याचा भूतकाळ आपल्याला दृश्यांतून दिसू लागतो, आणि इथे मालिकेने जे केले ते मला तळ्यातल्या उडीपेक्षा कितीतरी मोठे वाटते. कादंबरीत ३५वे प्रकरण म्हणजे जवळजवळ सगळे ते पत्रच आहे. पुढच्या प्रकरणात एलिझाबेथ ते चालत-चालत पुन्हापुन्हा वाचते, विकमची हकिकत एका पारड्यात आणि डार्सीची दुसऱ्यात घालून तोलते, विकमचे कोणते बोलणे सभ्य माणसाने अनोळखी मुलीशी करू नये असे होते ते आठवते, आणि स्वतःच्या आंधळेपणाची तिला लाज वाटते. तिच्यापाशी पुरावा म्हणून फक्त शब्द आहेत, वाचकापाशीही तेवढेच. पडद्यावर भूतकाळ प्रत्यक्ष दिसतो, आणि डोळ्यांनी दिसलेल्यावर प्रेक्षक शंका घेत नाही. तिने विचार करून काढलेला निष्कर्ष आपल्याला आयता मिळतो.

पेंबर्ली

तळ्याकडे आता जावे. बाहेरून दिसणारे पेंबर्ली हे चेशरमधले लाइम पार्क आहे आणि आतल्या खोल्या डर्बीशरमधल्या सडबरी हॉलच्या आहेत. त्या तळ्याच्या प्रसंगाची कीर्ती इतकी पसरली, की २०१३ साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पंटाइन तलावात पाण्यातून वर येणाऱ्या डार्सीचा बारा फुटी पुतळा उभारला गेला होता. त्यावर बोलायला हरकत नाही, पण चर्चा तिथेच ठेवू नये.

कादंबरीत डार्सी भेटण्याआधी एलिझाबेथ घरातल्या दालनात त्याच्या चित्रासमोर उभी राहते. घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस रेनल्ड्सने नुकतेच त्याच्या सुस्वभावाचे कौतुक केलेले असते. त्या क्षणाचे ऑस्टेनचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने विचित्र आहे: एलिझाबेथ चित्रापुढे उभी राहते आणि त्याचे डोळे स्वतःवर रोखून घेते. पाहणारी ती आहे की तो? शिकवणीत असे वाक्य लिहिले तर लाल शाई मिळेल, आणि तरी सबंध कादंबरीचा सांधा तिथे आहे. यानंतर ती बाहेर पडते, मागे वळून घराकडे पाहते, आणि घराचा मालक दत्त म्हणून पुढे उभा राहतो. ती दचकते, आपणही दचकतो.

मालिका याच वेळी दोन धागे आळीपाळीने दाखवते: इकडे ती घर पाहत आहे, तिकडे तो घोड्यावरून येत आहे, उतरत आहे, पाण्यात शिरत आहे. म्हणजे तो येणार हे आपल्याला तिच्या आधी कळते. पुस्तकातला धक्का जाऊन त्या जागी हुरहूर येते. एका माध्यमाने दुसऱ्यातला एक आनंद काढून वेगळा आनंद दिला, असा मी त्याचा हिशेब मांडतो, आणि या प्रसंगापुरता तो मला मान्य आहे. कॉलिन फर्थचा डार्सी तोपर्यंत साडेतीन भाग ताठ कॉलरमध्ये आवळलेला आहे. तो पहिल्यांदा अस्ताव्यस्त दिसतो तो नेमका अशा वेळी, जेव्हा त्याला कोणी पाहू नये असे वाटत असते.

पाचव्या भागातला पियानोचा प्रसंग याच्याच पुढे पाहावा. बिंग्लीची बहीण कॅरोलाइन खोचकपणे विकमचा विषय काढते, वाजवणारी डार्सीची बहीण जॉर्जियाना गोंधळते, एलिझाबेथ चटकन तिच्या शेजारी जाऊन पाने उलटू लागते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून डार्सी तिच्याकडे पाहतो. पुस्तकात या प्रसंगी पियानो नाही. एलिझाबेथ शांत आवाजात उत्तर देऊन वेळ निभावते. मालिकेत मात्र एलिझाबेथ आणि डार्सी यांची एकमेकांवर खिळलेली नजर इतकी लांबते, की तिसऱ्या रकान्यात प्रथमच दोन्ही नावे समोरासमोर लिहावी लागतात. माझ्या लेखी या मालिकेचा कळस तळ्याकाठी नसून इथे आहे.

बोलताना पाळायचे काही

आपले म्हणणे मांडताना भाग, मिनिट आणि प्रकरण सांगावे. 'मला वाटते की तो तेव्हाच प्रेमात पडला होता' या वाक्यावर कोणी काही बोलू शकत नाही, पण 'दहाव्या प्रकरणात तो तिला नाचाबद्दल विचारतो तिथे' असे म्हटले की बाकीचे पाने उलटू लागतात. पात्र, नट आणि पटकथाकार यांची सरमिसळ होऊ देऊ नये. डार्सी खिडकीशी उभा राहतो हा डेव्हिस आणि दिग्दर्शक सायमन लँग्टन यांचा निर्णय आहे, कसा उभा राहतो हा फर्थचा. 'डार्सीचा स्वभावच तसा' असे म्हणायचे असेल, तर आधार पुस्तकातला हवा. कथा दोनशे वर्षे जुनी असली तरी एखादा नवखा ती पहिल्यांदाच पाहत असतो, तेव्हा लिडियाचे पुढे काय होते हे त्याच्यादेखत पाचव्या भागाआधी बोलू नये.

शार्लटवरून भांडण होणारच, त्याची तयारी ठेवावी. ती सत्तावीस वर्षांची आहे, रूप बेताचे, पैसा नाही, आणि एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सशी ती डोळे उघडे ठेवून लग्न करते. मराठी गटांत या प्रश्नावर आवाज चढतात, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एखादी मावशी किंवा आत्या असते आणि बोलता बोलता पुस्तक बाजूला राहते. त्यात वाईट काही नाही, फक्त अर्ध्या तासाने कोणीतरी बाविसावे प्रकरण मोठ्याने वाचायला घ्यावे. शार्लटला नवरा कसा वाटतो आणि घर कसे वाटते, या दोन गोष्टी ऑस्टेन तिथे अगदी वेगवेगळ्या सांगते. लिडियाच्या पळून जाण्यावर बोलताना तिचे वय, म्हणजे नुकती लागलेली सोळा वर्षे, आणि त्या काळचा कायदा ध्यानात घ्यावा. इंग्लंडमध्ये एकविसाच्या आतल्या मुलीच्या लग्नाला वडिलांची संमती लागे, स्कॉटलंडमध्ये लागत नसे, म्हणून पळालेली जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. लिडिया आणि विकम तिकडे गेलेच नाहीत, लंडनमध्ये लपले, या बातमीने बेनेट घराण्याचे हातपाय गळतात ते त्यामुळे.

इतर रूपांतरांशी तुलना शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवावी. बीबीसीचीच १९८०ची मालिका, जिची पटकथा फे वेल्डन यांची आहे, एलिझाबेथच्या बाजूला अधिक घट्ट राहते. २००५चा चित्रपट दोन तासांत सगळे बसवताना बेनेट कुटुंबाला पुस्तकापेक्षा बरेच गरीब करतो. दूरदर्शनवर १९८०च्या दशकात याच कादंबरीवर 'तृष्णा' ही हिंदी मालिका झाली होती, आणि ती आठवणारे कोणी गटात असेल तर त्याला एक संध्याकाळ द्यावी.

सहाव्या भागासाठी एक काम नव्या माणसाला देतो. कादंबरीत लग्नाचे वर्णन नाही. दोन सर्वांत लायक मुली ज्या दिवशी मिसेस बेनेटच्या हातून 'सुटल्या' तो तिच्यासाठी आनंदाचा दिवस होता, एवढ्या एका वाक्यात ऑस्टेन ते उरकते. मालिकेत चर्चमधला दुहेरी विवाह सविस्तर आहे, आणि धर्मगुरू विवाहाची प्रयोजने वाचून दाखवत असताना कॅमेरा जमलेल्या माणसांवरून फिरतो, मधूनच चर्च सोडून बाहेरही जातो. तिथे लिडिया आणि विकम दिसतात. त्या क्षणी धर्मगुरूच्या तोंडी नेमके कोणते शब्द आहेत, आणि लगेच पुढच्या शब्दांना कोणाचे चेहरे दिले आहेत, ते वहीत टिपून पुढच्या बैठकीला आणावे.